बोटांच्या भाषेविरुद्धची फिर्याद

कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयी धाराशिवात भरलेल्या एका सभेत एका सेवानिवृत्त विद्वानांनी जो सिद्धांत मांडला, तो थोडक्यात असा: खाणाखुणा ही भाषा नव्हे, त्या शिकविल्या तर मूल बोलण्याचा आळस करील, जिल्ह्याजिल्ह्यांत त्या निराळ्या, सबब त्यांना प्रमाण नाही, आणि आता कानात यंत्र बसविता येत असल्याने हा मामलाच निकालात निघाला आहे. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. ज्यांच्याविषयी हा खल चालला होता त्यांतील चार तरुण मागच्या बाकावर बसले होते; दुभाष्याची तजवीज करण्याचे कोणासही सुचले नसल्यामुळे त्यांनी त्या टाळ्या नुसत्या पाहिल्या आणि सभ्यपणे, आपल्या रीतीप्रमाणे, दोन्ही हात वर करून हलविले.

यंत्राचे आधी उरकतो. ते प्रत्येकाला लाभत नाही, लाभले तरी पुढे दीर्घकाळ वाचाप्रशिक्षण लागते आणि आंघोळीपूर्वी बाहेरचा भाग उतरवून ठेवला की मूल पुन्हा बधिरच असते. प्रांतभेदाचा आक्षेप तर आपल्या जिल्ह्यातील माणसाने घेऊच नये. उमरग्याची मराठी कानडी हेल काढते म्हणून तिला कोणी मराठीतून बडतर्फ केलेले नाही.

'भाषा नव्हे' म्हणताना विद्वानांना बहुधा गोंधळ्यांची करपल्लवी आठवत असावी. भवानीच्या गोंधळात एक गोंधळी बोटांच्या संकेतांनी नाव कळवितो आणि दुसरा ते अचूक उच्चारतो, हे ज्याने लहानपणी डोळे विस्फारून पाहिले, त्याला सगळेच हातवारे त्याच जातीचे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु करपल्लवी हा मराठी अक्षरांवर चढविलेला बोटांचा वेष आहे. बधिरांची भाषा कोणत्याही बोलीचा वेष नव्हे. तीत 'देणे' ही खूण माझ्याकडून तुझ्याकडे गेली की 'मी तुला दिले' आणि उलट आली की 'तू मला दिलेस'. आमचे विभक्तिप्रत्यय तेथे हाताच्या दिशेत वसतात. 'काय', 'कोठे' हे शब्द वाक्याच्या अंती येतात आणि भुवयाही व्याकरणाच्या चाकरीत असतात. अशा खुणांचे घटक पाडून त्यांत भाषेची रचना आहे, हे अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी १९६० सालीच दाखवून दिले. ती वार्ता आमच्या व्यासपीठापर्यंत अद्याप पोहोचावयाची आहे.

परंतु मला खरी चीड आली ती निराळ्याच कारणाने. हेच गृहस्थ दरसाल १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, झेंड्याखाली उभे राहून गहिवरल्या कंठाने सांगतात की १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, कचेरीत उर्दू, वरच्या वर्गांत उर्दू, हैदराबादेत १९१८ साली निघालेले विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. आणि घरी मराठीत विचार करणारे बुद्धिमान पोर शाळेत मात्र मठ्ठ ठरत असे. हे सारे मला मान्य आहे. मग १८८० साली मिलान येथे जमलेल्या दीडशेहून अधिक शिक्षणतज्ज्ञांनी, ज्यांत बधिर म्हणावा असा एकच होता, शाळांतून खुणा हद्दपार करून केवळ वाचिक पद्धतीची जी द्वाही फिरविली, ती याहून कोणत्या अर्थाने निराळी? त्या ठरावापायी युरोपातील बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हावयास २०१० साल उजाडावे लागले. शिवाय निजामाच्या शाळेतून घरी परतलेल्या पोराला निदान ओसरीवर आजीची मराठी तरी ऐकावयास मिळे. बधिर मूल बहुधा ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मते, म्हणून शाळेने हात बांधले की त्याला परतण्यासाठी भाषेचे घरच उरत नाही. एका पिढीची कैफियत मांडून जन्मभर टाळ्या घेतलेल्या माणसाने दुसऱ्याच्या कैफियतीवर 'दप्तरी दाखल' असा शेरा मारावा, याला काय म्हणावे?

मग करावयाचे काय? माझी मागणी लहान आहे. बधिर मुलांच्या शाळेत बधिर शिक्षक असावेत, आईबापांना खुणा शिकविण्याची सोय तालुक्याच्या गावी असावी, आणि रुग्णालयात व तहसील कचेरीत दुभाषी मिळावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषेची दखल घेतली आहे आणि या भाषेच्या संशोधनासाठी असलेल्या दिल्लीच्या संस्थेने २०२१ पर्यंत तिचा दहा हजार शब्दांचा कोशही सिद्ध केला आहे. बोलणे शिकवू नका, असे मी म्हणत नाही. उर्दू शिकल्याने आमच्या वडिलांचे काही बिघडले नव्हते.

सभेनंतर बसस्थानकावर मी आणि ते विद्वान योगायोगाने शेजारी उभे होतो. त्या चार तरुणांपैकी एकजण सोलापूरच्या गाडीत बसला होता, खिडकीची काच बंद होती, आणि फलाटावरच्या तिघांशी त्याचे संभाषण, मध्येच हसत, गाडी वळणाआड जाईपर्यंत अखंड चालू राहिले. विद्वान त्या वेळी भ्रमणध्वनी कानाशी घट्ट दाबून ओरडत होते, "हॅलो! अहो, काही ऐकू येत नाही!"