पाणी आधी, माहिती नंतर

गोदावरीवरील मेडीगड्डा बॅरेजचे काही खांब 21 ऑक्टोबर 2023 रोजी संध्याकाळी खचले आणि त्यांवरून जाणारा पूल त्या जागी खाली बसला. या नदीच्या एका तीरावर तेलंगण आहे, दुसऱ्या तीरावर अहेरी उपविभागातील सिरोंचा तालुका. 85 दरवाजांच्या या बांधकामाचे उद्घाटन 21 जून 2019 रोजी झाले, तेव्हा तेलंगणचे तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांच्यासमवेत महाराष्ट्राचे देवेंद्र फडणवीस आणि आंध्र प्रदेशचे जगनमोहन रेड्डी हेही उपस्थित होते. अवघ्या चार वर्षांत असे बांधकाम खचावे ही गोष्ट गंभीर खरीच. परंतु त्यानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. मोठा आवाज ऐकू आल्याचे सांगून घातपाताची शंका व्यक्त करणारी तक्रार पोलिसांत नोंदविण्यात आली. वाळूचा अभ्यास करण्याआधी संशयिताचा शोध सुरू झाला!

राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने पंधरवड्याच्या आत आपला निष्कर्ष दिला. पायाखालची वाळू वाहून गेली होती. नियोजन, आराखडा, गुणवत्ता नियंत्रण आणि देखभाल अशा सर्वच बाबतींत दोष होते, असे समितीने म्हटले. घातपाताच्या तर्काला त्यात आधार नव्हता. याच अहवालातील आणखी एक नोंद मात्र वृत्तपत्रांत फारशी चर्चिली गेली नाही. समितीने मागितलेली सर्व माहिती तेलंगणच्या पाटबंधारे खात्याने तिला दिली नव्हती. संसदेने 2021 मध्ये केलेल्या कायद्याखाली स्थापन झालेल्या संस्थेलाही जे कागद पूर्ण मिळत नाहीत, ते सिरोंच्याच्या कापूस किंवा मिरची पिकविणाऱ्या शेतकऱ्याला तहसील कचेरीत मिळतील, अशी अपेक्षा कोणी करावी?

या प्रकल्पाची मूळ कथा 2016 पासून सुरू होते. 23 ऑगस्ट 2016 रोजी महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात मुंबईत करार झाला. मेडीगड्ड्याची पाणीपातळी 100 मीटर, तर प्राणहितेवरील तुमडीहेट्टीची 148 मीटर ठरविण्यात आली. महाराष्ट्रातील एकही गाव बुडणार नाही, हे आश्वासन त्या काळात वारंवार देण्यात आले. सिरोंचा भागात विरोध झाला, मोर्चे निघाले, आणि विरोध करणाऱ्यांना प्रकल्प समजलेला नाही असे उत्तर मिळाले. ते एका अर्थाने खरेही होते, कारण तो समजावून सांगण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

'पूर्ण संचय पातळी 100 मीटर' हे शब्द पाटबंधारे खात्यातील अभियंत्याला पुरेसे असतात. ही उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते आणि ती भिंतीपाशी स्थिर साठ्याची असते. नदीला पूर आला म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग सपाट राहत नाही. वरच्या अंगाला त्याला फुगवटा येतो, आणि भिंतीपाशी पाणी 100 मीटरवर असताना काही किलोमीटर वर ते त्याहून उंच असू शकते. म्हणजे साठ्याने गाव बुडणार नाही हे विधान कागदावर खरे असूनही पुरात शेत पाण्याखाली जाणे संभवते. ते विधान खोटे नव्हते, परंतु त्याचा उरलेला अर्धा भाग सांगितला गेला नाही. अर्धसत्याची ही तऱ्हा सरकारी पत्रकांत इतकी रूढ झाली आहे की ती लिहिणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नसावे.

जुलै 2022 मध्ये गोदावरीला महापूर आला. सिरोंचा तालुक्यातील अनेक गावांत पाणी शिरले, हजारो लोकांना हलवावे लागले, पलीकडच्या काठावर खुद्द याच प्रकल्पाचे कन्नेपल्ली येथील पंपगृह पाण्याखाली गेले. सिरोंच्याचे शेतकरी म्हणतात, बॅरेज नसते तर पाणी एवढे चढले नसते. दुसरी बाजू सांगते की दरवाजे उघडे होते आणि पूरच असाधारण होता. गोदावरीने 1986 सालीही याच खोऱ्यात हाहाकार माजविला होता, आणि तेव्हा मेडीगड्ड्याचे नावही कोणी ऐकले नव्हते, हे विसरता येत नाही. कोणाचे खरे? हा वाद मतांनी मिटणारा नाही, आकड्यांनी मिटणारा आहे. केंद्रीय जल आयोग प्राणहितेची पातळी टेकडा येथे मोजतो. दरवाजे कोणत्या तासाला किती उघडले याची नोंद बॅरेजवर ठेवली जाते. या दोन नोंदी शेजारी ठेवून गावागावांत वाचून दाखविल्या असत्या, तर निदान वादाला जमीन मिळाली असती. त्याऐवजी त्या पुराच्या दिवसांत भद्राचलम येथे मुख्यमंत्री राव यांनी, परदेशातून मुद्दाम ढगफुटी घडविली जात असल्याचे बोलले जाते, कितपत खरे ते ठाऊक नाही, असे विधान केले. ठाऊक नाही तर मुख्यमंत्र्याने ते बोलावे कशाला, हा प्रश्न साध्या शिक्षकालाही पडेल.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॉर्ज अकरलॉफ यांचा 1970 सालचा एक प्रसिद्ध निबंध ठाऊक असतो. जुन्या मोटारींच्या बाजारात गाडीचा दोष विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे घेणारा सर्वच गाड्यांना कमी किंमत देतो, आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो. सरकारी शब्दाच्या बाजारातही हेच घडते. दहा पत्रकांपैकी तीन अर्धसत्य असतील, पण ती कोणती हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसेल, तर उरलेल्या सात खऱ्या पत्रकांचीही किंमत उतरते. 'धोका नाही' असे सांगणारी कचेरी आणि 'आज रात्री गाव सोडा' असे सांगणारी कचेरी एकच आहे. पहिल्या वाक्यावर ज्याचा विश्वास उडाला, तो दुसऱ्या वाक्यावर गुरेढोरे सोडून निघेल याची शाश्वती कोण देणार? या अविश्वासाचा खर्च कोणत्याही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

याच जिल्ह्यात याउलट उदाहरणही आहे, आणि ते शासनाला अगदीच प्रतिकूल नाही. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध करून महाराष्ट्रातील बालमृत्यू सरकारी नोंदींत फारच कमी दिसतात, हे दाखवून दिले. मृत्यू नोंदविणाऱ्या कर्मचाऱ्याला वरून बोलणी बसत असतील तर मृत्यू कागदावर येणारच नाहीत, हे समजायला मोठे शास्त्र लागत नाही. गदारोळ झाला, इन्कार झाले. पुढे शासनाने त्याच डॉ. बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. टीकाकाराच्या हाती मोजपट्टी देण्याचे हे धाडस शासनाने क्वचितच दाखविले आहे.

गुप्ततेची गरज सर्वस्वी नाकारण्याचे कारण नाही. गडचिरोली जिल्ह्याने नक्षलवादाची चार दशके सोसली आहेत, आणि पोलिसांच्या हालचाली चव्हाट्यावर मांडाव्यात असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. तथापि पोलिसी कामासाठी लागणारी गुप्तता हळूहळू पाण्याच्या, खाणींच्या आणि भूसंपादनाच्या फायलींवरही पसरली. 1923 चा गोपनीयता कायदा ब्रिटिशांचा. त्याची सवय मात्र आपली झाली आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखाणीचे उत्पादन वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर नेण्यासाठी ऑक्टोबर 2022 मध्ये जनसुनावणी झाली, ती शंभराहून अधिक किलोमीटर दूर गडचिरोलीत. अशी सुनावणी प्रकल्पस्थळी वा त्याच्या निकट व्हावी, असे 2006 ची केंद्रीय अधिसूचना सांगते. कोणतेही कागद लपविले नाहीत असे या बाबतीत म्हणता येईल. ऐकणारा मात्र लांब ठेवला गेला.

कायदा तोकडा आहे अशीही स्थिती नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार, लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय घेताना सर्व संबंधित तथ्ये शासनाने कोणी न मागताच प्रसिद्ध करायची असतात, आणि तीही स्थानिक भाषेचा विचार करून. सिरोंच्यात घराघरांत तेलुगू बोलली जाते, भामरागडात माडिया. अहेरीच्या बाजारात एका सकाळी तीन-चार भाषा कानी पडतात. शासनाचे कागद मात्र मराठीत किंवा इंग्रजीत, आणि मराठीतलेही असे की 'बुडीत क्षेत्र' या शब्दाशी पोचेपर्यंत वाचणारा थकून जावा. 1980 च्या दशकात बाबा आमटे यांनी इंचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा आदिवासींना प्रकल्पाचा अर्थ समजावून सांगण्याचे काम कार्यकर्त्यांना करावे लागले. ते काम शासनाचे होते.

या सर्व गोष्टींची आठवण आज काढण्याचे कारण प्राणहितेवर आहे. तेलंगणात डिसेंबर 2023 मध्ये सत्तांतर झाले. मेडीगड्ड्याच्या अनुभवानंतर तेथील नव्या सरकारने तुमडीहेट्टी येथे बंधारा बांधण्याचा विचार 2025 मध्ये पुन्हा पुढे आणला आणि त्यासाठी महाराष्ट्राशी बोलणी करण्याचे जाहीर केले. ही जागा वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमाखाली, चपराळा अभयारण्याच्या लगत, अहेरीच्या वरच्या अंगाला आहे. पूर्वी तेथे 152 मीटरची मागणी होती, 2016 मध्ये 148 मान्य झाली. या चार मीटरांत कोणाची शेते आहेत आणि किती जंगल, हे दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांना ठाऊक आहे. पुन्हा बोलणी होतील तेव्हा नवा आकडा येईल. तो मुंबईत किंवा हैदराबादेत स्वाक्षरी होण्यापूर्वी अहेरी, मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांतील ग्रामसभांसमोर ठेवला जावा. त्याबरोबर पुराच्या फुगवट्याचा नकाशा असावा, आणि प्रत्येक गावातील शाळेच्या भिंतीवर ती पातळी रंगाच्या रेघेने आखलेली असावी. एका गावाला रंगाचा एक डबा पुरे, आणि सर्वेक्षणाचे आकडे तर खात्याच्या कपाटात आधीच आहेत.