वास कुठून येतो?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आखाजी होऊन गेलेली असेल, माहेरी आलेल्या लेकी परतल्या असतील आणि नवतपा तोंडावर आलेला असेल. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जाणे ही आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. वर्तमानपत्रे दरवर्षीप्रमाणे सांगत आहेत : भरपूर पाणी प्या, ताक प्या, दुपारचे बाहेर पडू नका. पिंप्राळ्याच्या आमच्या शनिवारच्या बैठकीत कुणीतरी हा सल्ला मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा एक मुलगी हसली. ती शहरातल्या एका व्यापारी संकुलात कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. सकाळी दहाला उभी राहते ती रात्री साडेआठपर्यंत. ती म्हणाली, "ताई, पाणी प्यायलं तर मग जाऊ कुठे?"

संकुलात बायकांसाठी स्वच्छतागृह नाही असे नाही. जिन्याखाली आहे, दारावर बाईचे चित्रही आहे. पण दाराला कुलूप आहे. किल्ली वरच्या मजल्यावरच्या एका दुकानदाराकडे. ती मागायला जायचे म्हणजे चार पुरुषांसमोर आपण कुठे निघालो आहोत याची दवंडी पिटायची. एवढे करून किल्ली मिळाली तरी आत पाऊल टाकवत नाही. ओढणी नाकाला लावायची, श्वास कोंडायचा, डोळे चुरचुरतात. म्हणून या मुली सकाळी घरून निघताना जाऊन येतात, त्या थेट रात्री घरी परतल्यावरच पुन्हा जातात. मधल्या दहा-अकरा तासांत दोन घोट पाणी. मग लघवीला जळजळ होते, घरचे म्हणतात, "उन्हाळी लागली, धण्याचं पाणी पी." आपल्या भाषेने या दुखण्याला उन्हाळ्याचेच नाव देऊन टाकले आहे, त्यामुळे दोष उन्हावर जातो. त्या बैठकीत नऊ जणी कामावर जाणाऱ्या होत्या. नऊपैकी सात जणींनी हात वर केले. ही पाहणी नव्हे, एका खोलीतली गोष्ट आहे. पण तुमच्या खोलीतही विचारून पाहा.

कुलूप का लावता, असे विचारले की सगळीकडे एकच उत्तर मिळते : "बायका घाण करतात हो. फार वास येतो. गिऱ्हाईक तक्रार करतं." या उत्तरावर आमच्यातल्या अनेक जणी गप्प बसत आल्या आहेत, मीही बसले आहे. वासाचा विषय निघाला की बाईला आधी स्वतःचीच लाज वाटते. आपल्यातलीच कुणीतरी पॅड टाकून गेली असेल, कुणी पाणी ओतले नसेल, असे वाटते आणि भांडण तिथेच संपते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही याच संकुलाबद्दल एक अर्ज दिला होता. 'महिला स्वच्छतागृहात असह्य दुर्गंधी असून तातडीने स्वच्छता करण्यात यावी', वगैरे. अर्जाची भाषा चांगली होती, खाली पन्नासेक सह्या होत्या. त्याचा परिणाम काय झाला, तर झाडलोट करणाऱ्या मावशींना बोलावून झापण्यात आले. त्या तीन मजले झाडतात, दोन संडास धुतात आणि ठेकेदाराकडून मिळते त्या मजुरीत हातमोज्यांची जोडीसुद्धा येत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या हाती ॲसिडची एक बाटली जास्त देण्यात आली. बंद खोली, ४४ अंश, ॲसिड आणि वर ब्लीचिंग पावडर. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. मावशींना तीन दिवस खोकला होता. आम्हाला हे कळले ते पंधरा दिवसांनी. आमची तक्रार वर गेलीच नाही, खाली गेली, आणि जिच्या डोक्यावर आधीच सगळ्यांची घाण होती तिच्याच डोक्यावर पडली. ज्या जातींच्या वाट्याला हे काम पिढ्यान्‌पिढ्या आले त्यांच्या बाया आमच्या बैठकीत किती असतात, हा प्रश्न त्या निमित्ताने आम्हाला आम्हीच विचारला. उत्तर फारसे अभिमानाचे नव्हते.

यंदा मार्चमध्ये आम्ही वेगळे केले. अर्ज न लिहिता एका ओळखीच्या प्लंबरदादांना बरोबर घेतले, मावशींना त्यांच्या वेळेनुसार विचारले आणि किल्ली मागून आत गेलो.

दादांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे खाली बसून जमिनीवरच्या नहाणी ट्रॅपची जाळी उचलली. आत बॅटरी मारली. कोरडा ठणठणीत. "हा बघा तुमचा वास," ते म्हणाले.

हे समजून घेण्यासारखे आहे. न्हाणीच्या जाळीखाली जे वाकडे भांडे असते, त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साठून राहावे अशी योजना असते. खालच्या गटारातला आणि सेप्टिक टँकमधला वायू वर येऊ नये म्हणून त्या पाण्याचे ते झाकण. रोज वापर असेल तर ते आपोआप भरलेले राहते. वापर बंद झाला आणि ऊन खानदेशातले असेल, तर ते पाणी पाहता पाहता उडून जाते, आणि मग गटार आणि खोली यांच्यामध्ये काहीच उरत नाही. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो तिथून. आपण सगळ्या आखाजीला आठ-पंधरा दिवस माहेरी जाऊन परत येतो, दार उघडतो आणि बंद घरातल्या मोरीचा वास नाकात जातो, तेव्हा आपण म्हणत नाही की इथे कुणा बाईने घाण केली. दोन तांबे पाणी ओततो, वास जातो. संकुलातही तेच घडत होते. वास येतो म्हणून कुलूप लावले होते, आणि कुलूप लावल्यामुळे वास वाढत होता.

दुसरा वास अमोनियाचा, डोळे चुरचुरतात तो. ताज्या लघवीला एवढा उग्र वास नसतो. ती साचून राहिली की जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि हे काम थंडीपेक्षा उन्हाळ्यात कितीतरी झपाट्याने होते. भांड्याच्या कडेला आणि पाइपात पिवळा खर जमतो, फरश्यांच्या सांध्यांतले सिमेंट ते शोषून घेते. त्याच्यावर फिनेल ओतले की तासभर फिनेलचा वास येतो, मग पुन्हा तोच. डांबरगोळ्या टाकल्या की दोन वास एकत्र येतात आणि डोके दुखते ते वेगळेच. खर काढायचा तर लिंबूसत्त्वाचे पाणी किंवा व्हिनेगर रात्रभर राहू द्यायचे आणि सकाळी ब्रशने घासायचे. त्या वेळी ब्लीचिंग पावडर जवळही आणायची नाही. जमीन साबणाने धुतल्यावर वायपरने कोरडी काढायची, कारण ओल आणि ऊब मिळाली की जिवाणूंना आणखी काही लागत नाही.

आणि हवा. त्या स्वच्छतागृहाला खिडकी होती, पण तिच्यासमोर कुणीतरी रिकामे खोके रचून ठेवले होते. एक्झॉस्ट पंखा होता, पाती गंजून अडकलेली. दादा म्हणाले, पंखा चालू केला तरी दाराखाली चार बोटे फट पाहिजे. आत हवा आलीच नाही तर तो बाहेर काय फेकणार? गच्चीवर जाऊन त्यांनी वायू जाण्याच्या पाइपाचे तोंड पाहिले. तिथे पक्ष्याने घरटे केले होते. (अंडी नव्हती, हे आम्ही आधी पाहून घेतले.) शेवटी नळ. नळाला पाणी नव्हते, कारण उन्हाळ्यात पाणी पुरत नाही म्हणून बायकांच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद केलेला होता. पुरुषांच्या बाजूचा चालू होता. पाणी कुणाचे आधी तोडायचे हे त्या इमारतीत कुणी ठराव करून ठरवलेले नसणार. ते आपोआप ठरले, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

कचऱ्याचा डबा नव्हता, त्यामुळे पॅड भांड्यात जात होते आणि पाइप तुंबत होता. 'बायका घाण करतात' या वाक्यात खरा भाग असेल तर एवढाच, आणि तोही झाकणाच्या डब्याने आणि तो रोज रिकामा करणाऱ्या पगारी माणसाने सुटतो.

हे सगळे मी एवढ्या तपशिलाने लिहिते आहे, कारण आपण चळवळीतल्या बायका हक्काची भाषा चांगली बोलतो आणि नळाची भाषा आली की मिस्त्रीकडे पाहतो. समोरचा माणूस 'टेक्निकल प्रॉब्लेम आहे' म्हणाला की आपल्याला पुढे बोलता येत नाही. नहाणी ट्रॅप म्हणजे काय हे ज्या दिवशी आम्हाला कळले, त्या दिवशी त्या दुकानदारांशी आमचे बोलणे पहिल्यांदा पंधरा मिनिटांच्या वर टिकले.

हक्काची भाषा सोडायची असे मात्र नाही. २०११ साली मुंबईत कोरो आणि इतर संघटनांनी 'राईट टू पी' मोहीम सुरू केली, तेव्हा पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, ही साधी गोष्ट त्यांनी चव्हाट्यावर आणली. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या वतीने झालेल्या जनहित याचिकेवर २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या महानगरपालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांच्या योजना आखायला सांगितले आणि हा प्रश्न जगण्याच्या हक्काशी जोडला. महाराष्ट्राच्या २०१७ सालच्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगारांसाठी स्वच्छतागृह देणे मालकाचे कर्तव्य म्हटले आहे. जागा नसेल तर अनेक दुकानांनी मिळून सामाईक सोय करावी अशी मुभाही दिली आहे. अडचण अशी की हा कायदा ठराविक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना पूर्णपणे लागू होतो, आणि आपल्याकडच्या संकुलांतल्या गाळ्यांत दोन-तीन मुलीच असतात. शंभर गाळ्यांच्या इमारतीत दीड-दोनशे बायका काम करतात, पण कागदावर त्या कुठेच एकत्र येत नाहीत.

कोझिकोडच्या मिठाई तेरुवु या बाजारपेठेतल्या विक्रेत्या मुली मात्र एकत्र आल्या. पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने 'पेन्कूट्ट' ही संघटना उभी केली. तिथेही सुरुवात संडासापासूनच झाली; तिथल्या मुलीही पाणी न पिता दिवस काढत होत्या. तिथून लढा पुढे गेला, दिवसभर उभे राहण्याच्या सक्तीपर्यंत पोहोचला, आणि २०१८ साली केरळ सरकारने कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क दिला. मी बैठकीत हे सांगितले तेव्हा आमच्या मुलींना संडासापेक्षा बसण्याच्या हक्काचेच जास्त अप्रूप वाटले. तो विषय पुढच्या अंकासाठी ठेवला आहे.

आपल्या जळगावातही २०१७ साली गोलाणी मार्केट अस्वच्छतेमुळे प्रशासनाने काही दिवस बंद ठेवायला लावले होते. म्हणजे घाण हा प्रशासनाच्या अखत्यारीतला विषय नाही असे कुणी म्हणू शकत नाही. पण बाजार बंद पडला की व्यापाऱ्यांचे नुकसान किती झाले याची चर्चा होते. बाजार चालू असताना त्यात काम करणाऱ्या बाईच्या मूत्रपिंडाचे काय होते, आणि आखाजीच्या खरेदीला सकाळच्या एस.टी.ने खेड्यावरून येऊन संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबणारी बाई कुठे जाते, याची होत नाही.

आमच्या त्या संकुलात आतापर्यंत झाले ते एवढे. कुलूप निघाले, आतून कडी बसली. खोके हलले, पंखा दुरुस्त झाला. व्हॉल्व्ह उघडला. सकाळी आणि दुपारी प्रत्येक ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी जाते. रविवारी संकुल बंद असते, म्हणून शनिवारी रात्री त्यात वरून दोन चमचे खाद्यतेल सोडतात, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. ही युक्ती दादांची. खर्च झाला तो गाळेधारकांत वाटून अगदी किरकोळ निघाला. वास पूर्ण गेला नाही, फरश्यांचे सांधे जुने आहेत, पण श्वास कोंडावा लागत नाही.

झाले नाही ते मावशींच्या मजुरीचे. काम वाढले, तासांचा हिशेब तोच राहिला. गाळेधारक ठेकेदाराकडे बोट दाखवतात आणि ठेकेदार फोन उचलत नाही. हातमोजे आणि बूट आम्ही वर्गणीतून आणले, जे खरे तर आम्ही आणायला नको होते. सेप्टिक टँक उपसायची वेळ आली की त्यात माणूस उतरवायचा नाही, यंत्रच मागवायचे, हे लेखी द्यायला अजून कुणी तयार नाही. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेण्यावर आणि टँकमध्ये धोकादायक पद्धतीने माणूस उतरवण्यावर बंदी आहे, हे सांगितल्यावर सगळे माना डोलावतात, सही कुणी करत नाही.

जूनच्या पहिल्या शनिवारी दुपारी चारला पिंप्राळ्यात बैठक आहे. प्लंबरदादा येणार आहेत, एक जुना ट्रॅप उघडून दाखवायला घेऊन. आपापल्या बाजारातल्या, बस स्थानकावरच्या, बँकेतल्या एका तरी स्वच्छतागृहात जाऊन किल्ली कुणाकडे असते, नळाला पाणी आहे का, जाळीखाली ओल आहे का आणि साफ करणाऱ्या बाईंना महिन्याला काय मिळते, एवढे विचारून या. मावशींनाही बोलावले आहे. त्या म्हणाल्या, "अर्धा दिवस बुडणार नसेल तर येते." त्यांची तेवढी मजुरी बाजूला काढून ठेवली आहे.