पडताळणी उघड हवी

स्मरणिकेत गौरवाचे लेख पुष्कळ असतात आणि ते असावेतही. आम्ही मात्र या पानांवर थोड्या अडचणीच्या विषयावर मत मांडणार आहोत. खोटी बातमी आता गारखेड्यातील आपल्या वसतिगृहाच्या फाटकापर्यंत आणि प्रत्येक पालकाच्या खिशातील मोबाईलपर्यंत येऊन पोहोचली आहे. ती खोटी आहे हे ठरवायचे कोणी आणि कसे, हा आमचा प्रश्न आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. आठवडी बाजाराचा दिवस होता. गावोगाव भिक्षा मागत फिरणे ही या समाजाची पिढीजात उपजीविका. त्या दिवशी हे फिरणेच गुन्हा ठरले. त्याच दिवशी मालेगावात एका कुटुंबाला अशाच जमावाच्या हातून पोलिसांनी कसेबसे सोडवले. हे खानदेशातले, दूरचे, असे म्हणण्याचीही सोय नाही. त्याआधी जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात दरोडेखोर समजून केलेल्या मारहाणीत माणसे दगावली होती.

त्या दिवसांत देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक आठवून पाहावी. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, एवढेच तिच्यात दिसे. मूळ चित्रफीत कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती व्हावी म्हणून तयार केली होती. तिच्यात ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि हातातील फलक दाखवतात. कोणीतरी तेवढा शेवट कापून टाकला. खोटे रचण्यासाठी फार काही करावे लागत नाही. खऱ्यातला एक तुकडा काढून घेतला तरी पुरते.

अफवेची पहिली झळ कोणाला बसते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ज्याची गावात ओळख नाही, ज्याच्या बाजूने बोलणारा कोणी नाही, त्याला. आपल्या वसतिगृहात शिकून गेलेल्या अनेकांचे आईवडील ऊसतोडीला, वीटभट्टीवर, बांधकामावर परमुलखात गेलेले आहेत. अनोळखी गावात तेही परकेच होते. म्हणून हा प्रश्न आम्हाला शिक्षित वर्गाच्या फावल्या वेळातील चर्चेचा वाटत नाही.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्याने वेग कमी झाला असेल, पण संदेश खरा की खोटा हे त्यातून कळत नाही. ते सांगणारी व्यवस्था वेगळीच लागते. आणि ती कोणाच्या हाती असावी, यावर आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात मोठा वाद झाला.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर बनावट, असत्य वा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारनेच नेमलेल्या तथ्य पडताळणी कक्षाने ठरवावे, अशी ती तरतूद होती. कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतरांनी तिला आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी खंडपीठात मतभेद झाला, न्या. गौतम पटेल यांनी दुरुस्ती रद्दबातल ठरवली, न्या. नीला गोखले यांनी ती वैध मानली. मार्चमध्ये सरकारने कक्षाची अधिसूचना काढली आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. अखेर २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ही दुरुस्ती संविधानाच्या अनुच्छेद १४ व १९ चा भंग करणारी असल्याचे मत दिले.

सरकारजवळ माहिती असते, म्हणून चुकीचे काय ते सरकारच सांगू शकेल, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण माहिती देणे वेगळे आणि आपल्याविषयीच्या तक्रारीचा निवाडा आपणच करणे वेगळे. सरकारने खुलासा जरूर करावा, कागद दाखवावा. 'हे असत्य' एवढा शिक्का मारून मजकूर हटवायला लावू नये, असे आमचे मत आहे.

हाच न्याय आपल्या संस्थेलाही लागू होतो, आणि इथे थोडे अवघड वाटते. उद्या वसतिगृहाच्या भोजनाविषयी किंवा शिष्यवृत्तीच्या रकमेविषयी एखादा संदेश पालकांच्या गटात फिरू लागला, तर कार्यालयाने 'अफवांवर विश्वास ठेवू नये' असे पत्रक काढून थांबायचे का? पत्रक खरे असले तरी पालकाने ते का मानावे? त्याला धान्याची नोंदवही, बँकेत जमा झालेल्या रकमेचा उतारा पाहता आला पाहिजे.

अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक दाखला इथे मोलाचा आहे. महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथे तथागतांनी चार महापदेश सांगितले आहेत. एखादा भिक्खू म्हणेल, हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले. किंवा एखाद्या संघाकडून, अनेक थेरांकडून, एका विद्वान थेराकडून ऐकले. त्याचे लगेच स्वागतही करू नये आणि अव्हेरही करू नये. शब्द नीट समजून घ्यावेत, सुत्त आणि विनयाशी ताडून पाहावेत. जुळले तर स्वीकारावेत, न जुळले तर त्या भिक्खूने चुकीचे ग्रहण केले असे समजून सोडून द्यावेत. सांगणाऱ्याचा अधिकार कितीही मोठा असो, कसोटी तीच. सांगणाऱ्याला खोटारडा म्हणण्याचीही घाई नाही.

ही कसोटी आधी आपल्या आवडत्या संदेशांना लावावी लागेल. कालाम सुत्ताच्या नावाने एक वचन सर्वत्र फिरते. आपल्या बुद्धीला पटेल तेवढेच खरे माना, असा त्याचा आशय. मूळ सुत्तात ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथ यांच्याबरोबरच निव्वळ तर्कावर आणि अनुमानावरही विसंबू नका असे सांगितले आहे. त्या गोष्टीने अहित होते की हित, ती सुज्ञांनी निंदिलेली आहे की वाखाणलेली, हे स्वतः जाणून घ्या, असा तिथला रोख आहे. ऐकीव गोष्टींपासून सावध करणारे सुत्तच ऐकीव होऊन फिरावे, हे मोठेच नवल. बाबासाहेबांच्या नावावरही छायाचित्रासह कितीतरी वाक्ये येतात, ग्रंथाचे नाव नाही, वर्ष नाही. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. आरंभीच्या खंडांमागे वसंत मून यांचे कष्ट आहेत. ते खंड कपाटात असताना वाक्य कुठले हे न पाहता पुढे पाठवणे आम्हाला बाबासाहेबांचा गौरव वाटत नाही.

आमची सूचना साधी आहे. ग्रंथालयात एक पडताळणी वही ठेवावी. तिच्यात संदेश जसाच्या तसा उतरवावा. तो केव्हा आला, कोणते मूळ साधन पाहिले, कोणत्या पानावर काय आढळले, हे लिहावे आणि तपासणाऱ्याने सही करावी. जे ठरवता आले नाही तेथे 'ठरले नाही' असेच लिहावे. नोंद चुकली तर ती खोडू नये. खाली तारखेसह दुरुस्ती करावी. जगभरच्या तथ्य पडताळणी संस्थांनी २०१६ मध्ये मान्य केलेल्या आचारसंहितेतही साधने, कार्यपद्धती, पैसा आणि दुरुस्त्या उघड ठेवण्याचे बंधन आहे. संस्थेविषयीच्या संदेशांची तपासणी मात्र संस्थेच्या पगारावर नसलेल्या दोन पालकांनी आणि एका माजी विद्यार्थ्याने करावी, त्यांना कागदपत्रे मागण्याचा अधिकार असावा.

ज्या आयाबापांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी महिन्याच्या पालकसभेत वहीतील नोंदी मुलांनी मोठ्याने वाचाव्यात. नववीतली मुले हे काम आनंदाने करतील. पहिल्या पानावर कालाम सुत्ताच्या नावाने फिरणारे ते वचन घ्यावे, असे आम्ही सुचवतो. अंगुत्तर निकाय उघडावा लागेल, एवढेच.