बारा आण्यांचा मसाला

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण ज्याने काढली त्याला हेडफोनचा नाद असणार याबद्दल माझी खात्री आहे. फक्त त्या भाग्यवंताच्या काळी कोंबडी निदान चार आण्यांना मिळत होती. आता कोंबडीच तीस हजारांची झाली आहे आणि मसाला विकणारे नव्वद हजारांचं बिल घेऊन दारात उभे आहेत. तीस त्रिक नव्वद. म्हण पैपर्यंत लागू पडते. आम्हा कॉमर्सवाल्यांना एवढ्यावरही आनंद होतो.

कोंबडी म्हणजे हेडफोन. माझी कोंबडी सेनहायझर एचडी ६०० जातीची. १९९७ साली बाजारात आलेलं हे मॉडेल अजूनही मानाने विकलं जातं. बँकेत इतकी वर्षं एकाच जागी टिकणाऱ्या माणसाला आम्ही युनियनचा सेक्रेटरी करतो. मसाला म्हणजे डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर. ज्यांना हा नाद नाही (ते सुखी आहेत) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फोनमध्ये गाणं असतं ते आकड्यांच्या रूपात. नुसते आकडे ऐकू येत नाहीत, हे मी वीस वर्षं आकड्यांत बसून सांगतो. त्या आकड्यांच्या विजेच्या लहरी करतो तो डॅक, आणि त्या लहरींना हेडफोनचा पडदा हलवण्याइतकं बळ देतो तो अ‍ॅम्प. चेक वटवणारा डॅक, रोकड हातात देणारा अ‍ॅम्प. चेक जेवढ्या रकमेचा तेवढीच रोकड मिळावी, यापलीकडे खातेदाराची अपेक्षा नसते. कॅशियरने नोटा चांदीच्या तबकातून दिल्या म्हणून पाचशेचे सहाशे होत नाहीत.

पण हे जाणकारांना कोण सांगणार? ह्या नादात जाणकार नावाची एक जमात आहे. तिचा पहिला नियम असा, की हेडफोनच्या किमतीइतका तरी अ‍ॅम्प हवाच. कशावरून? तर कानाला कळतं. कुणाच्या कानाला? तर ज्याच्याकडे तो अ‍ॅम्प आहे त्याच्या! मी आठ हजारांचा डबा घेतोय म्हटल्यावर एका जाणकाराने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी मुलीला ‘चांगलं स्थळ’ सोडून एखाद्या विनोदी लेखकाला देतो आहे. “अहो, त्या हेडफोनचा अपमान होतो,” तो कळवळून म्हणाला. हेडफोनला मानापमान असतो हे मला नवीन होतं.

ह्या मंडळींची भाषाही वेगळी. आवाज मोठा-लहान, स्वच्छ-खरखरीत असतो एवढंच आपल्याला माहीत. यांच्याकडे तो मखमली असतो, कोमट असतो, त्याला रंगमंच असतो आणि मागे काळीकुट्ट पार्श्वभूमी असते. एवढी विशेषणं मी लग्नपत्रिकेतसुद्धा पाहिली नाहीत. त्यात आकडा मात्र एकही नाही. म्हणजे आहे, पण तो थेट बिलावर.

म्हणून मी आकडे मांडायला बसलो. माझ्या हेडफोनच्या माहितीपत्रकात दोनच नोंदी कामाच्या आहेत. रोध ३०० ओहम, आणि एक मिलिवॅट दिला तर आवाज ९७ डेसिबल. शक्ती दहापट केली की दहा डेसिबल वाढतात, हा हिशेबाचा नियम. मी गाणं ऐकतो ते सरासरी ७५ डेसिबलवर. मधूनच तबलजीने सणसणीत थाप मारली किंवा गवयाने तार षड्ज लावला तर क्षणभर आवाज वर जाणार. त्याच्यासाठी आपण चांगलं सढळ हाताने ११० धरू. ११० म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथकाच्या पुढ्यात उभं राहणं. ९७ वरून ११० ला जायला लागतात वीस मिलिवॅट. पुन्हा वाचा. वॅट नव्हे, मिलिवॅट. देवघरातला झिरोचा बल्ब याहून कितीतरी जास्त वीज खातो आणि त्याची वीज ‘मखमली’ आहे का, हे कुणी विचारत नाही.

वीस मिलिवॅटला ३०० ओहममध्ये साधारण अडीच व्होल्ट लागतात. माझ्या आठ हजारांच्या डब्यावर ३०० ओहमला ६० मिलिवॅट असं लिहिलेलं आहे. गरज वीसची, मंजुरी साठची. एवढं मार्जिन ठेवून कर्ज दिलं असतं तर आमची बँक कधी बुडीत कर्जांच्या फेऱ्यात सापडली नसती.

आठ हजारही ज्यांना जड वाटतात त्यांच्यासाठी आणखी एक गंमत. फोनची हेडफोनची भोकं बुजवून कंपन्यांनी आपल्याला ज्या बोटभर शेपट्या विकायला सुरुवात केली, त्या शेपटीत डॅक आणि अ‍ॅम्प दोन्ही असतात. अ‍ॅपलची सी-टाइपची शेपटी हजाराच्या आसपास येते आणि एक व्होल्ट देते. (युरोपात विकतात ती निम्माच देते, तिकडच्या भाच्याकडून मागवू नका.) एक व्होल्टला माझा हेडफोन १०२ डेसिबलपर्यंत जातो. शेजारच्या कुकरच्या शिट्टीवर मात करायला तेवढं पुरतं. काही अँड्रॉइड फोनांना मात्र ही शेपटी मानवत नाही, आवाज मुळातच बारीक येतो. तेव्हा दुकानातच लावून पाहावी. पण जाणकारांच्या बैठकीत हिचं नाव काढून बघा. सत्यनारायणाच्या पूजेत कोळंबीचा विषय काढल्यासारखी शांतता पसरते.

याचा अर्थ सगळ्यांनी शेपटीच लावावी असं मी म्हणत नाही. हायफायमॅनचा एचई-६ नावाचा एक हेडफोन आहे. एक मिलिवॅट दिल्यावर तो जेमतेम ८३.५ डेसिबल आवाज काढतो. त्याला ११० ला न्यायचं तर साडेचारशे मिलिवॅट लागतात, माझ्या हेडफोनच्या बावीसपट. तिथे शेपटीचं काम नाही, दणकट अ‍ॅम्पच हवा. दुसरी अट अशी की अ‍ॅम्पचा स्वतःचा आतला रोध हेडफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशाहून कमी असावा. नाहीतर खर्ज उगाच फुगतो किंवा आवाजाचा तोल जातो. ३०० ओहमला साडेसदतीस चालतील, १६ ओहमच्या इयरफोनला दोनच्या वर नको. आठाने भागायचं. हे आमच्या कॅन्टीनच्या पोऱ्यालाही जमतं, पण त्याचं कमिशन कुणाला मिळत नसल्यामुळे सांगत कुणी नाही.

खात्री करून घ्यावी म्हणून मी एका दुकानात गेलो. मालकाने आधी स्वस्त डबा ऐकवला, मग सत्तर हजारांचा. सत्तर हजारांचा खरोखरच चांगला वाजला! मग माझं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. महागड्याची खुंटी त्याने जरा पुढे नेली होती, फार नाही, दीड-दोन डेसिबलभर. एवढ्या फरकाला आपला कान ‘मोठा’ म्हणत नाही, ‘चांगला’ म्हणतो. मी खिशातून मल्टिमीटर काढला आणि म्हणालो, “दोन्हीचे व्होल्ट आधी सारखे करू या का?” मालकाचा चेहरा केवायसीची कागदपत्रं मागितलेल्या खातेदारासारखा झाला. “असं कुणी ऐकत नाही,” तो म्हणाला. बरोबर आहे. असं ऐकलं तर दुकान कसं चालेल?

असं ऐकणारे पाश्चात्य देशांत मात्र होऊन गेले. अमेरिकेत रिचर्ड क्लार्क नावाच्या गृहस्थांनी दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. दोन अ‍ॅम्पचा आवाज सारखा करून, कुठला वाजतोय हे न बघता, नुसत्या कानाने ओळखून दाखवा. बक्षीस कुणालाही नेता आलं नाही. २००७ साली मेयर आणि मोरान या दोघांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. महागडं उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण एकदा जसंच्या तसं, आणि एकदा साध्या सीडीच्या १६ बिटांच्या चाळणीतून गाळून ऐकवलं. एकूण ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं, आणि नाणं खिशात राहिलं असतं. आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ साली लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा अनेक प्रयोगांची बेरीज करून दाखवलं, की ५२.३ टक्के वेळा माणसं बरोबर ओळखतात. म्हणजे सव्वादोन टक्क्यांचा फायदा. ठेवीवर कुणी सव्वादोन टक्के जादा दिले तर मी काउंटरवरून उडी मारून पलीकडे जाईन. पण त्यासाठी आधी साठ हजार मुद्दल बुडवा असं म्हणाल तर नाही.

स्वस्तात चांगला अ‍ॅम्प होत नाही म्हणणाऱ्यांची खरी पंचाईत केली ती एका निनावी इंजिनियरने. एनडब्ल्यूएव्हीगाय एवढ्याच टोपणनावाने तो लिहायचा. २०११ साली त्याने ‘ओ टू’ नावाचा अ‍ॅम्प रचला. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि बाजारात सहज मिळणाऱ्या चिप्स. मोजमापं अशी, की भल्याभल्या महाग डब्यांनी मान खाली घालावी. आराखडा त्याने सगळ्यांना फुकट देऊन टाकला आणि २०१२ साली तो जो अंतर्धान पावला तो अजूनपर्यंत कुणाला सापडलेला नाही. फुकट देणारा माणूस टिकत नाही, हे मी कर्जखात्यात असताना पाहिलंच होतं. पण त्यानंतर धंद्याला जरा लाज वाटली असावी. २०१२ मध्ये शीटचा मॅग्नी आणि २०१८ मध्ये जेडीएस लॅब्जचा अ‍ॅटम, दोन्ही ९९ डॉलरला निघाले. आपल्याकडे येईपर्यंत कस्टम आणि जीएसटी मसाल्यात आपली चिमूट टाकतात, ती गोष्ट वेगळी.

सर्वांत सुंदर शोध मात्र ‘बर्न-इन’चा. नवा डबा लगेच चांगला वाजत नाही म्हणे. दोनशे तास वाजवल्यावर खुलतो. रोज दोन तास ऐकलं तर दोनशे तासांना शंभर दिवस लागतात. माल परत घेण्याची मुदत किती? दहा दिवस! यातलं व्यापारी सौंदर्य बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बी.कॉम.ला एवढं जमेचं गणित आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि ऐकायचं काय, तर माझ्याकडचे अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या ७८च्या तबकड्यांत तीन-सव्वातीन मिनिटांत अख्खा राग आहे, पण सहा-सात हजार कंपनांच्या वर खरखरीशिवाय जवळजवळ काही नाही. ते ऐकायला सेकंदाला ३,८४,००० नमुने घेणारा डॅक? साधी सीडी ४४,१०० घेते आणि त्यात वीस हजार कंपनांपर्यंतचं सगळं मावतं. पंचेचाळिशीतला कान पंधरा हजारांच्या आसपासच दम टाकतो. पुढचं सगळं आमच्या कुत्र्यासाठी, आणि त्याला किराणा घराणं आवडत नाही.

जास्त ताकदीच्या डब्याचा एक खर्च बिलात येत नाही, तो कानाच्या खात्यावर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये घालून दिलेली मर्यादा अशी, की ८० डेसिबल आठवड्याला चाळीस तास. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ९० वर ऐकलंत तर आठवड्याचे फक्त चार तास. दोन हजार मिलिवॅटचा डबा घेऊन खुंटी कायम तळाशी ठेवणारा संयमी पुरुष मी अजून पाहिलेला नाही. डॅक बिघडला तर दुसरा येतो. कानाच्या आतल्या त्या बारीक केसाळ पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

हे सगळं मी ज्याच्यामुळे लिहायला बसलो तो आमच्या कर्जविभागातला एक तरुण. त्याने सत्तर हजारांचा अ‍ॅम्प चोवीस हप्त्यांवर घेतला. जाणकारांनी घ्यायला लावला. घरी वडील. त्यांना अलीकडे कमी ऐकू येतं, टीव्हीचा आवाज चाळीला पुरेल एवढा असतो. श्रवणयंत्राचा विषय निघाला की “पुढच्या दिवाळीला बघू” असं ठरतं, कारण हप्ते चालू आहेत. एक दिवस डबा खाताना मी त्याला म्हटलं, “अरे, श्रवणयंत्रात काय असतं ठाऊक आहे का? मायक्रोफोन, आकडे करणारी चिप, मग अ‍ॅम्प, आणि शेंगदाण्याएवढी बॅटरी. तुझ्या टेबलावर आहे ते सगळं वडिलांच्या कानामागे मावतं.” तो काही बोलला नाही. पोळी मात्र तशीच राहिली.

पंधरा दिवसांनी त्याने रजेचा अर्ज टाकला, कारण ‘वडिलांची तपासणी’. दुसऱ्या दिवशी आला तो सरळ माझ्या काउंटरवर. तिथल्या बाईंनी वडिलांच्या कानांचा आलेख काढला होता, कुठली कंपनं किती कमी ऐकू येतात ते सगळं आकड्यांत. मखमली वगैरे काही नाही. यंत्रं आमच्या सोसायटीच्या कर्जातून पुढच्या महिन्यात यायची आहेत.

“सर, मी त्यांना विचारलं, ह्या मशीनला बर्न-इन लागतं का?”

“मग?”

“हसल्या. म्हणाल्या, मशीनला काही लागत नाही. तुमच्या वडिलांना महिना-दीड महिना लागेल, सवय व्हायला. सुरुवातीला भांड्यांचा आवाज फार होतोय म्हणून तक्रार करतील, तेव्हा काढून ठेवू देऊ नका.”

अ‍ॅम्प अजून त्याच्याकडेच आहे. अठरा हप्ते राहिलेत.