फॉर्मॅट मारून देतो...

"फॉर्मॅट मारून देतो." आपल्याकडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात याच्याइतकं बेजबाबदार वाक्य दुसरं नसेल. मारून काय देतो? डास आहे का तो? आणि त्याहून जास्त राग येतो तो हे ऐकून मान डोलावणाऱ्या मंडळींचा. त्यात माझे निम्मे नातेवाईक आले, ते हा ब्लॉगही वाचतात, तेव्हा आज बोलणी खायची तयारी ठेवा. :)

विषय मॅकच्या स्टार्टअप डिस्कचा आहे. मशीन सुरू होताना अर्ध्यात अडकतं, नुसतं चक्र फिरत राहतं. मग कोणीतरी डिस्क युटिलिटी उघडून 'फर्स्ट एड' चालवतं आणि निकाल येतो की डिस्क दुरुस्त करता येत नाही. जमतील तेवढ्या फाइलींचा बॅकअप घ्या, डिस्क फॉर्मॅट करा, मग फाइली परत टाका. क्रम अगदी बरोबर सांगितलाय. पण तीन गोष्टींतली लोकांना दिसते फक्त मधली. कारण तिच्यासाठी बटण आहे! 'इरेझ' त्याच पट्टीत, फर्स्ट एडच्या आसपासच बसलेलं. "जमतील तेवढ्या फाइली वाचवा" याला मात्र बटण नाही. मशीन सुरूच होत नाही तर फाइली वाचवायच्या कशा, हे त्या सूचनेत कुठेच नाही. बुडणाऱ्याला काठावरून "पोहत ये रे" म्हणण्यातला प्रकार.

मुळात गोंधळ 'दुरुस्ती' या शब्दाचा आहे. फर्स्ट एड तुमची डिस्क दुरुस्त करत नाही, तुमचे फोटोही नाही. ते दुरुस्त करतं नोंदवही. कुठली फाइल डिस्कवर नेमकी कुठे आहे याची नोंद. १९९८ साली आलेल्या एचएफएस प्लस पद्धतीत या वहीला कॅटलॉगच म्हणतात; २०१७ पासून मॅकवर एपीएफएस आली, तिची वही वेगळ्या तऱ्हेची, पण काम तेच. आता सातबारा फाटला म्हणून जमीन जाते का? नाही ना? मग "दुरुस्त होत नाही" याचा अर्थ "सगळं गेलं" असा का लावायचा? वही फाटली आहे, शेत बहुतेक जागेवर आहे.

दुसरी शक्यता मात्र असते, आणि ती वाईट. नदीकाठची जमीनच खचायला लागलेली असते. फिरत्या तबकडीची जुनी डिस्क असेल तर टकटक आवाज येतो, एकेक फाइल उघडायला मिनिटं लागतात. अशा वेळी "अजून एकदा चालवून बघू" म्हणत पाच-पाच वेळा रिपेअर चालवणारे महाभाग मी पाहिलेत. मरायला टेकलेल्या डिस्कचं उरलेलं वाचन तुम्ही वही तपासण्यात घालवताय, राजे! वर ते रिपेअर त्याच डिस्कवर लिहितंही. डिस्क युटिलिटीत 'स्मार्ट' म्हणून एक ओळ असते. तिथे 'फेलिंग' दिसलं तर हात जोडा आणि थांबा. (तिथे सगळं ठीक दिसलं म्हणून डिस्क ठणठणीत असेलच असं मात्र नाही.)

करायचं काय, तर आधी माल बाहेर. इंटेलवाला मॅक टी दाबून सुरू केला की टार्गेट डिस्क मोडमध्ये जातो आणि केबलने दुसऱ्या मॅकला नुसत्या बाहेरच्या डिस्कसारखा दिसतो. नव्या, अॅपलच्याच चिपवाल्या मशीनमध्ये रिकव्हरीत 'शेअर डिस्क' आहे. डिस्क खचत असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यू हा फुकटचा प्रोग्रॅम आधी धड भाग उचलतो आणि वाईट जागांशी नंतर झगडतो. बॅकअप आधीपासून असेल तर मात्र खुशाल रिपेअर चालवा, खुशाल फॉर्मॅट करा. माझं काही म्हणणं नाही.

सांगलीच्या आमच्या ताईचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, सोसायट्यांचे अहवाल. तिचा जुना आयमॅक बंद पडला तेव्हा दुरुस्तीवाल्याने एका शब्दाने न विचारता फॉर्मॅट केला, वर सिस्टीमही टाकली आणि "एकदम नव्यासारखा" म्हणून पैसे घेतले. नव्यासारखा म्हणजे कोरा! शेतावर थेट घर बांधून दिलं. त्यात आत्याच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, सहा फाइली. नंतर बरीच खटपट करून दोन निघाल्या, बिननावाच्या, हजारो पत्रिकांच्या ढिगातून. आत्या २०१४ मध्ये गेली. उरलेल्या चार ओव्या आता कुणालाच येत नाहीत.

"फॉर्मॅट केलं तरी रिकव्हर होतं हो" असं आता कुणी म्हणू नका. फिरत्या डिस्कवर साधं फॉर्मॅट म्हणजे नवी कोरी वही, म्हणून तर त्या दोन तरी मिळाल्या. एसएसडीवर पुसलेल्या जागा डिस्क स्वतःच रिकाम्या करून टाकते. आणि टी२ चिपवाल्या मॅकपासून (२०१८ च्या मॅकबुक प्रोमध्ये ती आली) सगळं कुलूपबंद असतं आणि किल्ली चिपमध्ये. इरेझ म्हणजे किल्लीच विहिरीत. लॅपटॉपमधली ती एसएसडी तर बोर्डालाच चिकटवलेली, स्क्रू काढून दुसऱ्या मशीनला लावायची सोयही गेली. सुरक्षिततेसाठी हे चांगलं आहे म्हणतात. असेलही. चोरापासून तुमचे फोटो सुरक्षित, तुमच्यापासूनही.

दुरुस्तीवाल्यांचं उत्तर ठरलेलं, "साहेब, गिऱ्हाईकाला मशीन चालू होऊन पाहिजे असतं." गिऱ्हाईकाला काय पाहिजे ते त्याला विचारलं होतं का? तुमच्या पावतीवर "डेटाची जबाबदारी आमची नाही" छापायला बरोबर जागा सापडते. तिथेच त्याच्याखाली "डेटा काढून ठेवायचा का? हो / नाही" आणि सहीसाठी एक रेघ छापायला किती शाई लागते हो?