ट्रॉलीला रेडियम नको, आधी वायरिंग हवं असं नाही, दोन्ही हवं

गळीत हंगामाच्या तोंडावर ऊस पट्ट्यात ट्रॉल्यांना लाल रेडियम पट्ट्या लावण्याची मोहीम निघते. ती निघायलाच हवी. पण पट्टी स्वतः उजळत नाही. मागच्याच्या दिव्याचा झोत पडला तरच चमकते. वळणावर दुचाकीचा झोत भलतीकडे असतो, पट्टीवर चिखल बसलेला असतो, वरून वाढे लोंबत असतात. रात्री दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे पेटता दिवाच लागतो.

दिवा का पेटत नाही, ते वायर हातात घेतली की कळतं. दोन ट्रॉल्यांचे मिळून २१ वॅटचे चार ब्रेकलाईट म्हणजे ८४ वॅट, १२ व्होल्टवर ७ अँपिअर. हा करंट पाऊण चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीतून १५ मीटर नेला, तर वाटेतच सुमारे दोन व्होल्ट खर्ची पडतात. साध्या बल्बला दहाच व्होल्ट मिळाले, तर उजेड जवळपास निम्म्यावर येतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घातली, तर हीच गळती पाऊण व्होल्टच्या आत राहते.

त्यात अर्थिंग. पुष्कळ ट्रॉल्यांना परतीची वायरच नसते. करंट हुकातून आणि पिनेतून परत जातो. फडातल्या खड्ड्यात ट्रॉली हिंदकळली, गंजलेली पिन हलली, की दिवा गेला. अर्थिंगची वेगळी वायर, सात पिनांचा सॉकेट आणि बॅटरीजवळ फ्यूज एवढ्यावर हे दुखणं बरं होतं. एलईडी टेललाईट लावले तर करंटही कितीतरी कमी लागतो.

दुसरी तपासणी रेग्युलेटरची. इंजिन जरा रेसवर ठेवून मल्टीमीटरच्या सुया बॅटरीला लावायच्या. आकडा साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट आला तर चार्जिंग ठीक. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर कामातून गेला; बल्ब उडतात, बॅटरीचं पाणी आटतं. १३ च्या खाली राहिला तर पट्टा ढिला आहे का, ते आधी पाहायचं.

पाच मिनिटांचं काम आहे.

तरीही ते ड्रायव्हरच्या मर्जीवर सोडता कामा नये. रात्र रात्र खेपा करणारा, वजनकाट्यावर नंबराची वाट पाहणारा माणूस वायरिंग कधी उघडून बघणार? वाहतुकीचा करार कारखाना करतो, तोडणी-वाहतुकीची उचल कारखाना देतो. त्याच करारात मागच्या दिव्यांची अट घालावी. मोळी पडण्याआधी कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनने प्रत्येक ट्रॉली तपासावी, वायर-सॉकेटचा खर्च आधी कारखान्याने करून वाहतूक बिलातून हप्त्याने वळता करावा. आणि हंगाम सुरू झाल्यावर रात्रीच्या पाळीला गेटवर ब्रेक दाबायला लावून दिवे बघावेत. बंद असतील तर ट्रॉली रिकामी झाल्यावर दुरुस्तीशिवाय बाहेर सोडू नये.