विश्लेषण : एकल पित्याच्या प्रेमकथेत सुट्टी नेमकी कुणाची?

हलक्याफुलक्या प्रेमकथांमधला हा एक लाडका साचा. मनस्वी चित्रकार तरुणी उन्हाळ्यापुरती समुद्रकाठच्या गावात राहायला येते. शेजारी मुलीला एकट्याने वाढवणारा बाबा. त्याचा दिवस घड्याळाला बांधलेला, तिचा लहरीवर चालणारा. दोन महिन्यांत तो हसायला शिकतो आणि ती तिथेच राहते. वाचायला छान वाटते, मलाही वाटते. पण कथा संपते तिथून पुढे काय होते?

मूलच जुळवून देते?

आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे १९९८चा ‘कुछ कुछ होता है’. आई गेलेली आठ वर्षांची मुलगी आईने लिहून ठेवलेले पत्र वाचते आणि उन्हाळी शिबिरात वडिलांची जुन्या मैत्रिणीशी गाठ घालून देते. म्हणजे अवघड काम मुलीनेच उरकले. बाबाला घरी काही समजावून सांगावेच लागत नाही!

‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५) ज्यांच्यावर बेतला, त्या मारिया फॉन ट्रॅप यांची खरी हकीकत पडद्यापेक्षा वेगळी आहे. १९२६मध्ये त्या विधुर कॅप्टनच्या घरी गेल्या त्या आजारातून उठलेल्या एका मुलीला शिकवायला. सातही मुलांचा सांभाळ हे त्यांचे काम नव्हते. पुढच्याच वर्षी लग्न झाले. कॅप्टन आवडत होते, पण प्रेम नव्हते; जीव होता तो मुलांवर, नवऱ्यावरचे प्रेम पुढे हळूहळू आले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. सिनेमाला हे परवडले नसते.

मग सुट्टीचा मुद्दा काय?

बाबा विधुर असेल तर मूल वर्षभर त्याच्याजवळ असते. घटस्फोटित बाबाचे गणित निराळे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ नुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो. मोठे मूलही अनेकदा आईकडेच राहते. मग वडिलांच्या वाट्याला शनिवार-रविवार आणि बऱ्याच आदेशांत सुट्टीचा अर्धा भाग येतो. अर्धा मे म्हणजे जेमतेम पंधरवडा. वर्षभर वाट पाहून मूल बॅग घेऊन येते आणि बाबाच्या खोलीत कुणीतरी रंग कालवत बसलेले असते. ती कितीही गोड असो, मुलाच्या लेखी ती त्याच्या पंधरा दिवसांत वाटेकरी आहे. त्याने तोंड फुगवले की आपण त्याला हट्टी म्हणतो.

कायद्यात ‘ती’ कोण?

ती राहिली, डबे भरले, पालकसभेला गेली, तरी याच कायद्याच्या सहाव्या कलमात ‘आई’ या शब्दात सावत्र आई धरलेली नाही. नैसर्गिक पालकाचा हक्क तिला आपोआप मिळत नाही. २०२२च्या दत्तक नियमांत सावत्र मुलाला दत्तक घेण्याची वाट आहे, पण त्यासाठी जन्मदात्या पालकांची संमती लागते. मूल पाच वर्षांचे किंवा मोठे असेल तर त्याचीही. पाच वर्षांच्या मुलालाही विचारावे, हे नियमाला सुचले. प्रेमकथा लिहिणाऱ्यांना क्वचितच सुचते.

आणि तिचे काय, हेही कुणी विचारत नाही. जूनमध्ये शाळा उघडली की गणवेश, वह्यांची कव्हरे, तापाच्या रात्री. यात तिचा कॅनव्हास कुठे मावतो? ‘मनस्वी’ म्हणून जिच्यावर भाळलो, तिलाच बिनपगारी आई करून टाकायचे, हा व्यवहार मला पटत नाही.

मला वाचायची आहे ती जरा वेगळी कथा. मुलाच्या वाट्याचे पंधरा दिवस सुरू होताच ती चित्रे काढायला दुसऱ्या गावी निघून जाते. बाप-लेक हापूसची पेटी संपवतात. भांडतात, कंटाळतात, परत खेळतात. मग जुलैतल्या एखाद्या पावसाळी शनिवारी, मूल पुन्हा बाबाकडे आलेले असताना, ती ओली छत्री घेऊन दारात येते आणि बाबा मुलाला विचारतो, ‘माझी मैत्रीण आलीय, चहाला थांबू दे का?’ मूल म्हणते, ‘बिस्किटे दोनच उरलीत.’